किळस कुणाच्या बापाची?

दोस्तांनो, आज भांडण घरातलं आहे. मनूच्या पिल्लांशी आपण रोजच भांडतो, उद्याही भांडू. आज तुमच्याशी.

माझी धाकटी बहीण नर्सिंगला गेली. जीएनएम. तीन वर्षांचा कोर्स. ही बातमी वस्तीत पसरली आणि आपल्यातल्याच चार शिकलेल्या पोरांनी मला सुनावलं, 'तू कविता लिहितोस, मोर्च्यात पुढं असतोस, आणि बहिणीला लोकांचं हागणं-मुतणं काढायला पाठवलंस? बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढू नका म्हणून सांगितलं ते कशासाठी? आज्यानं टाकलेली पाटी तू तिच्या डोक्यावर परत दिलीस.'

बोलणाऱ्यांत एक बँकेत आहे, एक स्पर्धा परीक्षेला तिसऱ्यांदा बसलाय. मी गोदीत कंत्राटी हमाल, शिक्षण मॅट्रिक. तरी त्यांचा प्रश्न मी झटकून टाकणार नाही. प्रश्नात दम आहे. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या घाणीत गेल्या त्यांच्या पोरांनी घाणीच्या कामाकडं संशयानं बघायलाच पाहिजे. पण हा प्रश्न अर्धा आहे. उरलेला अर्धा मी विचारतो. ही किळस आली कुठून? कुणी शिकवली? आणि ती कुणाच्या कामाला येते?

एक करून बघा. तोंडातली थुंकी तुम्ही दिवसभर गिळता. लिटरभर तरी होत असेल. आता तीच एका स्वच्छ ग्लासात थुंका आणि पिऊन दाखवा. नाही पिणार. थुंकी तुमचीच, ग्लास धुतलेला, मधे गेला फक्त एक क्षण. ओठांच्या आत होती तोवर 'मी', ओठांबाहेर पडली की 'घाण'. म्हणजे घाण थुंकीत नव्हती, वेशीत होती. आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवणाऱ्या वेशीत. गावकुसाबाहेर जन्मलेल्यांना ही वेस नव्यानं समजावून सांगायला नको.

अमेरिकेत पॉल रोझिन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं किळसेवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. मेलेलं झुरळ निर्जंतुक केलं, फळाच्या रसात बुडवलं आणि काढून घेतलं. लोकांना सांगितलं, ह्याच्यावर एकही जंतू नव्हता. तरी लोक रस पिईनात. एकदा शिवलं ते कायमचं शिवलं! त्या लोकांच्या भाषेत ह्याला संसर्गाचा नियम म्हणतात. आपल्याकडं ह्याला विटाळ म्हणतात. फरक एवढाच की आपल्याकडं हा प्रयोग झुरळावर झाला नाही. माणसांवर झाला, आणि दोन हजार वर्षं चालला.

सडक्या वासानं पोटात ढवळतं, ते शरीराचं राखणदारीचं काम आहे, रोगापासून लांब ठेवणारं. ते मला मान्य. पण कुठली वस्तू घाण आणि कुणाचा हात घाण, हे पोर आईच्या पोटातून शिकून येत नाही. रांगतं पोर आपलीच शी हातानं फासतं आणि खुदकन हसतं. त्याला नाक मुरडायला आपण शिकवतो. आणि जे शिकवलेलं असतं ते पुसता येतं.

कुणी काय शिकवलं त्याचा हिशेब काढा. पेशवाईतल्या पुण्यात आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडकं होतं, आपली थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे लिहून ठेवलं आहे. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी आपण प्यालो. तळं बाटलं म्हणून भटांनी मंत्र म्हणत १०८ घागरी तळ्यात बुडवल्या. घागरीत काय? दूध, दही, शेण आणि गोमूत्र. म्हणजे जनावराच्या मुतानं पाणी शुद्ध होतं आणि माणसाच्या ओंजळीनं नासतं! ज्या डोक्यातून हा हिशेब निघाला, त्या डोक्याची किळस आपण उसनी आणायची? आणि व्याजासकट फेडायची?

आता बहिणीकडं येतो.

पहिल्याच आठवड्यात वॉर्डात एका म्हाताऱ्याचा बेडपॅन काढताना तिला ओकारी आली. न्हाणीत जाऊन ती भडाभडा ओकली. तिच्याबरोबरची एक पोरगी, आडनाव विचारून ओळख करून घेणाऱ्यांतली, खरोखरच्या आश्चर्यानं म्हणाली, 'अय्या, तुलापण किळस येते? मला वाटलं तुम्हा लोकांना सवय असते.'

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. त्या पोरीला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं. आणि तेच भयंकर आहे. ह्यांनी आपल्या हातात मैला दिला आणि वर स्वतःची समजूत घालून घेतली की ह्यांना वास येतच नाही. आपल्याला हात दिसतात ह्यांना, पाठ दिसते, नाक दिसत नाही. किळस येण्यावरसुद्धा ह्यांचं शंभर टक्के आरक्षण!

माझ्या आज्याला वास येत होता. आजी सांगायची, गावात ढोर ओढून आलेल्या दिवशी तो भाकर पुढ्यात घेऊन बसायचा आणि तशीच बाजूला सारायचा. मग प्यायचा. गटारात उतरणारा माणूस आधी का पितो, ते कधी कुणी विचारलंय? सवय असते म्हणे! च्यायला, सवय असती तर दारू कशाला लागली असती?

तेव्हा पहिलं कलम लिहून घ्या. आमच्या पोरीला किळस येते. येणारच, ती माणूस आहे. ती किळस जाईल ती शिक्षणानं आणि सरावानं. जातीनं जाणार नाही.

कशी जाते तेही सांगतो. हे पान नर्सिंगला निघालेल्या पाचपन्नास पोरींच्या हातात जाईल आणि त्यांना माझ्या भाषणापेक्षा हेच जास्त उपयोगी पडेल.

तिच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर निवृत्तीला आलेल्या बाई. त्यांनी तिला रागावलं नाही. चहा पाजला आणि सांगितलं, 'उपाशी पोटी ड्युटीवर येत जाऊ नकोस, रिकामं पोट लवकर ढवळतं. श्वास कोंडू नकोस, तोंडानं घे. फारच झालं तर मास्कच्या आत बामाचं बोट लाव. आणि नजर मैल्यावर खिळवू नकोस, हाताच्या कामावर ठेव. पडदा ओढला, पेशंटला कुशीवर घेतलं, बेडपॅन काढला, झाकला, अंग पुसलं, कोरडं केलं, चादर ताणली. एकेक पायरी मनात म्हणत जा. मन कामात गुंतलं की पोट गप बसतं.'

मग आला रक्ताचा दिवस. मधुमेहाच्या पेशंटच्या पायाची पट्टी सोडली, आत हाड दिसलं, आणि हिला घाम फुटला, कानात शिट्टी वाजली, डोळ्यांपुढं अंधारी. ह्यात भित्रेपणा काही नाही. काही माणसांचं शरीरच असं असतं की रक्त बघितल्यावर नाडी मंदावते, रक्तदाब धाडकन उतरतो, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. तालमीतले पैलवानही कोसळतात. त्यावर उपाय आहे. अंधारी यायला लागली की मांड्या, पोट, दंड घट्ट आवळायचे. दहा-पंधरा सेकंद धरायचे, मग सैल सोडायचे, पुन्हा आवळायचे. रक्तदाब वर चढतो. नाहीच जमलं तर लाज न धरता खाली बसायचं आणि डोकं गुडघ्यांत घालायचं. पेशंटच्या अंगावर पडण्यापेक्षा फरशीवर बसलेलं बरं.

बाकीचं काम रोजचा दिवस करतो. मी जहाजाच्या पोटात उतरतो तेव्हा कुजलेल्या मालाचा वास पहिल्या तासाला डोकं फोडतो. दुपारपर्यंत नाक हार मानतं. शरीर शिकतं. बहिणीचंही तसंच झालं. महिन्याभरात बेडपॅन जमला, मग लघवीची पिशवी, मग जखमेचा पू. बेडका मात्र अजून जमलेला नाही. पेशंटच्या घशातला कफ ओढणारं सक्शन मशीन सुरू झालं की आजही तिच्या पोटात कालवतं. इन्चार्ज बाई म्हणाल्या, 'प्रत्येकीचं एक काहीतरी शेवटपर्यंत राहतं. माझं उलटीचं राहिलंय. राहू दे. हात थांबता कामा नये, आणि तोंड वाकडं होता कामा नये.'

तोंड वाकडं होता कामा नये! सगळी नर्सिंगची विद्या ह्या एका वाक्यापाशी येऊन थांबते, असं मला वाटतं. मी गोणी उचलतो, गोणीला लाज नसते. मी तिच्याकडं बघून थुंकलो तरी तिला काही होत नाही. पण साठीतला बाप्या अंथरुणात झालं म्हणून लेकीच्या वयाच्या पोरीपुढं डोळे मिटून घेतो. मग हळूच एक डोळा किलकिला करून तिच्या तोंडाकडं बघतो. त्या क्षणी त्याच्यासाठी सगळं जग त्या पोरीच्या तोंडावर असतं. तिनं नाक मुरडलं तर तो मेला. औषधानं बरा होईल, पण मेलेलाच राहील.

दोस्तांनो, मुरडलेलं नाक काय असतं ते आपल्याला कुणी सांगायला पाहिजे का? खोली भाड्यानं मागताना, शाळेच्या माठापाशी, आडनाव ऐकल्यावर. ते नाक आपण आयुष्यभर बघितलं. ते दुसऱ्याला दाखवायचं नाही. पुण्य लागेल म्हणून नाही, त्या नाकाचं वजन आपल्याला माहीत आहे म्हणून.

आता 'पाटी'वर या. ढोर ओढणं आणि बेडपॅन उचलणं एकच, असं म्हणणाऱ्यांनी जरा मोजमाप घ्यावं.

ढोर ओढणारा जन्मानं नेमलेला. काम सोडायची मुभा नाही, सोडलं तर गाव वाळीत टाकणार. मोबदला म्हणजे शिळी भाकर आणि मेलेल्याचं मांस. ह्या गुलामगिरीला गोंडस नाव होतं वतन. ते मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं, आणि शेवटी १९५८ च्या कायद्यानं ती वतनं गेली. नर्स स्वतः फॉर्म भरते. परीक्षा देते. कौन्सिलच्या रजिस्टरात तिचं नाव चढतं. ती पगार मागते, संप करते, जमलं नाही तर राजीनामा तोंडावर फेकून दुसरीकडं जाते. आज्याला राजीनामा नव्हता.

आणि दुसरा फरक ज्ञानाचा. ढोर सोलणाऱ्याजवळ ज्ञान नव्हतं असं नाही. कातडी कुठं चिरायची, काय आत असतं, त्याला पक्कं ठाऊक. मांगवाड्यातली सुईण अख्ख्या गावाची नाळ कापायची. वरच्या आळीतल्या पोराला पहिला मानवी हात लागायचा तो तिचा. वार पूर्ण पडली का, रक्त थांबलं का, हे तिला बोटांनी कळायचं. पोर रडलं की तिची परत वेशीबाहेर रवानगी. तिच्या ज्ञानाला कुणी ज्ञान म्हटलं नाही. नर्सिंगमध्ये तेच ज्ञान चार्टवर लिहिलं जातं आणि खाली तिची सही असते. सही! अंगठा नाही.

काय लिहिते ती चार्टवर? डांबरासारखी काळी, चिकट शी म्हणजे वर पोटात कुठंतरी रक्त वाहतंय. तांदळाच्या धुवणासारखी म्हणजे कॉलरा. पांढुरक्या मातीसारखी म्हणजे पित्ताची वाट अडली. मोठ्या माणसाची लघवी तासाला ३० मिलिलिटरच्या खाली आली तर झोपलेल्या डॉक्टरला उठवायची वेळ झाली. नाक धरून बेडपॅन झटकन उपडा करणारीला ह्यातलं काय दिसणार? जी बघते, ती जीव वाचवते.

१९७१ ची गोष्ट. बांगलादेशची लढाई चालू होती. बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा घुसला. डॉ. दिलीप महालनाबीस तिथं होते. पेशंट जमिनीवर, सगळीकडं जुलाब आणि उलट्या, सलाईन लावायचं तर त्यातच गुडघे टेकायचे. सलाईन संपत आलं तेव्हा त्यांनी मीठ, साखर आणि सोड्याचं पाणी पाजायला सुरुवात केली, तेही पेशंटच्या नातेवाइकांच्या हातून. शंभरात तीसच्या आसपास माणसं मरत होती, ती चारच्या आत आली. आज आपल्या घराघरात असलेलं ओआरएसचं पाकीट त्या चिखलातून निघालं आहे. धोतराचा सोगा सावरत लांब उभ्या राहणाऱ्याच्या हातून ते कधी निघालं नसतं.

आणि आपल्या मुंबईतली गोष्ट. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग. १९७३ च्या हल्ल्यानंतर त्या पुन्हा भानावर आल्याच नाहीत. २०१५ साली गेल्या, तोवर त्यांच्याच इस्पितळातल्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. एकेचाळीस वर्षांवर! एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली. पडून राहिलेल्या माणसाला कूस बदलून द्यावी लागते, लघवी-शी झाली की लगेच पुसून कातडी कोरडी ठेवावी लागते, नाहीतर पाठ सडते. त्यांना सांभाळणाऱ्या हातांचं कौतुक सुप्रीम कोर्टानं २०११ च्या निकालात लिहिलं. ह्याला पाटी म्हणणाऱ्यानं स्वतःची जीभ आधी तपासून घ्यावी.

पण दोस्तांनो, पाटीवाल्या पोरांना एवढं बोललो म्हणजे इस्पितळ हे स्वर्ग झालं असं नाही. आता माझा मोर्चा दुसरीकडं वळतो.

पेशंटनं अंथरुणात केलं. मोठा डॉक्टर नाकावर रुमाल धरून सिस्टरला सांगतो. सिस्टर मावशीला हाक मारते. मावशी सफाईवाल्याला. सफाईवाला ओततो ते गटारात जातं, आणि गटार तुंबलं की त्यात उतरतो तो आपल्यातलाच कुणीतरी. मैला साफ करायला माणूस लावायचा नाही, असा २०१३ चा कायदा आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याची भरपाई ३० लाख केली. भरपाई वाढली, मरण थांबलं नाही. ही उतरंड आहे. वरचं प्रत्येक मडकं आपली किळस खालच्या मडक्यावर ओततं आणि आपण सोवळं होऊन बसतं. किळस कुणाचीच संपत नाही, नुसती खाली सरकते. सगळ्यात खालच्याला ती सरकवायला जागा नसते, म्हणून त्याच्या अंगावर साचते, आणि मग त्यालाच घाण म्हणतात.

माझी सख्खी मावशी एका बड्या खाजगी हॉस्पिटलात मावशी आहे. तिथं ती सगळ्यांची मावशी, पगारपत्रकात कुणाचीच नाही. कंत्राटदाराची बाई. बारा तासांची ड्युटी, हातमोज्यांची एक जोडी दिवसभर पुरवायची. कावीळ 'ब'ची लस तीन डोसांची असते, ती डॉक्टरांना दिली, नर्सेसना दिली. कचऱ्यातली सुई मावशीच्या बोटात घुसते तेव्हा तो विषाणू तिचं पद विचारून थांबतो काय?

हातमोजा जंतूसाठी असतो, हे ज्यांना कळलं नाही त्यांची जुनी परंपरा आहे, आणि ती फक्त इथलीच नाही. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एक डॉक्टर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा, दुसरा सुईणींचा. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शंभरात अकराच्या आसपास बाळंतिणी मेल्या, सुईणींच्या विभागात तीनच्या आत. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं कारण शोधलं. हे विद्वान लोक मुडदे फाडून तसेच बाळंतिणीला हात लावत होते. १८४७ साली त्यानं क्लोरिनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि मरणं उतरली. तर बड्या डॉक्टरांना राग आला! आमच्या खानदानी हातांना घाण म्हणतोस? साबणानं जंतू जातो, विटाळ जात नाही. म्हणूनच विटाळ मानणारा माणूस आंघोळ दहादा करतो आणि जंतू मात्र खुशाल घरोघर वाटत फिरतो.

ह्या विटाळाची किंमत देशानं मोजली. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात आहे, सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात नर्सेस साधारण ७ हजार, म्हणजे ४३ हजार माणसांमागं एक! दुसऱ्याच्या लेकीनं परक्याचं अंग पुसावं, पण आपल्या लेकीनं नको, ह्या सोवळेपणापायी किती बाळंतिणी आणि किती पोरं मेली असतील त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. २०२० ला त्याच सोवळेपणानं नवा अवतार घेतला. २२ मार्चला गॅलरीत उभं राहून ह्यांनी थाळ्या बडवल्या, आणि त्याच दिवसांत घरमालक नर्सेसना सांगत होते, खोली खाली करा. थाळी वाजवायला काय, ती जेवून झाल्यावरही वाजवता येते. 'सिस्टर म्हणजे देवी', 'सेवा म्हणजे पूजा' म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. देवीला पगार लागत नाही, रजा लागत नाही, हातमोजे लागत नाहीत. आपली बहीण देवी नाही, कामगार आहे. कुशल कामगार.

आणि आता तिच्यासाठी, आणि तिच्यामागं येणाऱ्या सगळ्या पोरींसाठी. किळस जिंकलीस, उत्तम. पण सर्टिफिकेट हातात आल्यावर 'मावशी, हे घ्या ओ' म्हणून बेडपॅन खाली सरकवायला लागलीस, तर तू काही जिंकलं नाहीस, नुसती पायरी बदललीस. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं मलाच विचारलं, 'दादा, चाळीस पेशंट आणि आम्ही दोघी. सगळे बेडपॅन मीच उचलले तर इंजेक्शनं कोण देणार? लेक्चर त्या डॉक्टरला दे, मॅनेजमेंटला दे.' बरोबर बोलली. तेव्हा भांडण माणसांच्या संख्येचं आहे, आणि कामाच्या वाटणीचं आहे. मावशीनं बेडपॅन उचलावा, नर्सनं उचलावा, वेळ पडली तर डॉक्टरनंही उचलावा. ज्याचा हात जवळ त्यानं उचलावा. हाताची जात बघून नको.

घरात बुद्धाची मूर्ती ठेवणाऱ्यांनी महावग्गातली गोष्ट आठवावी. एक भिक्खू जुलाबानं आजारी, आपल्याच मळात पडलेला, कुणी त्याच्याकडं फिरकत नव्हतं. बुद्धानं पाणी ओतलं, आनंदानं त्याचं अंग धुतलं, एकानं डोकं आणि एकानं पाय धरून दोघांनी त्याला उचलून खाटेवर ठेवलं. मग भिक्खूंना विचारलं, ह्याला कुणी का बघितलं नाही? ते म्हणाले, हा आमच्या काही उपयोगाचा नाही. तेव्हा बुद्धानं बजावलं की ज्याला माझी सेवा करायची आहे त्यानं आजाऱ्याची करावी. राजवाड्यात वाढलेल्या माणसानं हात घातला, शिष्याला हुकूम सोडून लांब उभा राहिला नाही. आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई आजारी पोराला स्वतः उचलून दवाखान्यात घेऊन गेल्या, त्याच प्लेगानं गेल्या. आपली परंपरा ही आहे. घागरीवाल्यांची नाही.

म्हणून मागण्या मांडतो. नुसत्या इस्पितळांकडं नाही, तुमच्याकडंही.

डॉक्टरकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी महिनाभर वॉर्डात अंग पुसायला आणि बेडपॅन द्यायला लावा. ज्याला माणसाचं मूत उचलता येत नाही त्याला माणसाचं पोट उघडायचा अधिकार नाही.

मावशी आणि सफाई कामगार कायम करा. त्यांना लस द्या, हातमोजे द्या, कशानं काय होतं ते शिकवा. ज्ञान वरच्या मजल्यावर आणि घाण तळमजल्यावर, ही वाटणी बंद करा.

नर्सेसची रिकामी पदं भरा. चाळीसला दोन ही सेवा नाही, खून आहे.

आणि वस्तीतल्या पोरांनो, बहिणींचे फॉर्म फाडू नका. उलट स्वतःचे भरा. नर्सिंग पोरांनाही आहे, वॉर्डात त्यांना ब्रदर म्हणतात. पण तिथंच थांबू नका. वॉर्डातून ट्यूटरच्या खुर्चीपर्यंत, मेट्रनच्या केबिनपर्यंत, ड्युटीचा तक्ता जिथं ठरतो त्या टेबलापर्यंत पोचा. तिथं बसून त्या उतरंडीचं एकेक मडकं फोडा.

ज्याला अजूनही लाज वाटते त्यानं एकच करावं. आपल्या घरातल्या म्हाताऱ्याची चादर आज रात्री स्वतः बदलावी, बायकोला हाक न मारता. तोंड वाकडं न करता. मग सकाळी माझ्याशी भांडायला यावं. पाळी सुटली की मी नाक्यावर असतो.

जय भीम!